मामाचा वेटिंग पिरियड

“इंग्वायनल हर्निया,” सर्जन म्हणाले. हातमोजे काढता काढता त्यांनी सहज विचारलं, “किती दिवसांपासून आहे हे?”

“साडेतीन वर्षं झाली असतील,” मी म्हणालो.

पडद्यापलीकडे खुर्चीवर माझी बायको सुनंदा बसली होती. तिच्या बांगड्या एकदा वाजल्या आणि मग काहीच वाजलं नाही. इतक्या वर्षांच्या संसारात त्या शांततेचा अर्थ मला कळतो. पँटचा पट्टा लावायला जितका वेळ लावता येईल तितका मी लावला.

हर्निया म्हणजे आपल्याकडे ज्याला अंतर्गळ म्हणतात तो. पोटाची आतली भिंत एखाद्या जागी विरते आणि तिथून आतड्याचा किंवा चरबीचा भाग बाहेर डोकावतो. इंग्वायनल म्हणजे जांघेतला. डॉक्टरांनी सुनंदाला समजावून सांगितलं, “वहिनी, टायरला चीर पडली की ट्यूबचा फुगा बाहेर येतो ना, तसं. घाबरायचं काही नाही. पण तीन वर्षं ह्या फुग्यावर गाडी चालवायची नसते.”

मी जळगावात आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवतो. यंत्राचा आवाज थोडा बदलला तरी मला कळतं आणि मुलांना मी पहिल्याच दिवशी सांगतो, आवाज बदलला की यंत्र बंद करा, माझ्याकडे या, लपवू नका. हे वाक्य मी इतकी वर्षं कोणत्या तोंडाने म्हणत होतो, तेच आता लिहितो आहे. ज्यांच्या अंगात कुठे काही आहे आणि ज्यांनी ते घरी सांगितलेलं नाही, अशांसाठी. अशी माणसं किती असतील माहीत नाही. पण ऑपरेशननंतर स्टाफरूममध्ये मी हर्निया हा शब्द मोठ्याने उच्चारला, तेव्हा दोघा जणांनी नंतर मला वेगवेगळं गाठून हळूच म्हटलं, “सर, त्या डॉक्टरांचा नंबर द्या ना.”

सुरुवात वर्कशॉपमध्येच झाली. लोखंड पकडून ठेवायचा बिडाचा एक जड व्हाइस एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर ठेवला आणि उजव्या जांघेत काहीतरी सरकल्यासारखं वाटलं. दुखलं नाही फारसं. अंघोळीच्या वेळी पाहिलं तर लिंबाएवढा उंचवटा. खोकलो की फुगायचा, आडवा झालो की आत जायचा. मी ठरवलं, जी गोष्ट आपोआप आत जाते ती आजार नसते.

खरं कारण जागा. जागाच अशी की कुणाला काय सांगायचं? बायकोलाही नाही. तुम्ही म्हणाल, बायकोला काय लाजायचं. बरोबर आहे. पण मी असाच आहे. माझ्या घरात मला बोलका माणूस म्हणून कुणी ओळखत नाही.

त्याच सुमारास दाजींनी आरोग्य विम्याचा विषय काढला. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. राहतात धुळ्यात, मूळ सोनगीरचे. विम्याचे एजंट. आमच्या ओट्यावर बसून ते म्हणाले, “पॉलिसी घ्या, पण काही दुखणं असंल तर आधीच सांगा.” मी तोंड उघडायच्या आत अक्काच बोलली, “माझ्या भावाला काय होणार? लोखंडात राहून लोखंडासारखा झाला आहे.” सगळे हसले. मीही हसलो. दाजी म्हणाले, “बरं. तब्येतीचं कंपनीची डॉक्टर फोनवर विचारेलच.”

तो फोन आला तेव्हा आम्ही सोनगीरला होतो. सुनंदाला तांब्याचा हंडा घ्यायचा होता, म्हणून अक्का आणि ती भांड्यांच्या दुकानात शिरल्या होत्या. मी फोन कानाला लावून किल्ल्याच्या पायथ्याकडे चालत गेलो. मागे तांबटांच्या ठोक्यांचा आवाज येत होता. पलीकडे एक बाई, स्वच्छ मराठी, अजिबात घाई नाही. साखर आहे का, रक्तदाब आहे का, कधी ऑपरेशन झालंय का. मी नाही, नाही म्हणत होतो.

“पोटात, जांघेत कुठे गाठ, सूज, हर्निया?”

मी मागे वळून दुकानाकडे बघितलं.

“सर, ऐकू येतंय ना?”

आणि मी सांगून टाकलं. व्हाइस, लिंबू, खोकला, सगळं. कधी न पाहिलेल्या, पुन्हा कधी न भेटणाऱ्या बाईला. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही.

“कुणाला दाखवलंय?”

“नाही. तुम्हीच पहिल्या.”

ती म्हणाली, “हे ‘प्री-एक्झिस्टिंग’ म्हणून नोंदलं जाईल. म्हणजे पॉलिसी घेण्याआधीपासूनचा आजार. त्याला तीन वर्षांचा वेटिंग पिरियड लागेल. तेवढा काळ ह्या आजारासाठी क्लेम मिळणार नाही. बाकीचं नियमाप्रमाणे. आणि सर, डॉक्टरांना दाखवा. घरी सांगा.”

“हो,” मी म्हणालो. दोन्हींतलं काहीच केलं नाही. परत येताना हंडा सुनंदाने उचलला. मी रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला बघत चालत होतो. पण एक सांगतो, त्या फोननंतर मला हलकं वाटलं होतं. इतकं, की दुपारी अक्काकडे मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

वेटिंग पिरियडबद्दल इथेच सांगून टाकतो. आमच्या पॉलिसीत तो तीन वर्षांचा होता. तुमच्यात किती आहे ते स्वतः वाचा, कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका. हर्निया, मोतीबिंदू, मूळव्याध असल्या काही दुखण्यांना तर ती नव्याने झाली तरी थांबावं लागतं. पॉलिसी दरवर्षी वेळेत चालू ठेवली तर हा काळ पुढे सरकत राहतो. मुदतीनंतर पैसे भरायला मिळणारे सवलतीचे दिवसही उलटून गेले आणि पॉलिसी तुटली, की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

आता मनातलं. तो वेटिंग पिरियड मला हवाच होता. लोकांना तो अडचण वाटतो. मला ते कारण सापडलं होतं. ‘आत्ता दाखवून काय उपयोग, तीन वर्षं क्लेम नाही,’ असं मी स्वतःला सांगू शकत होतो. कंपनीने मला थांबायला लावलं नाही. मी कंपनीच्या आडोशाला थांबलो.

हर्नियाचा पट्टा मिळतो, कमरेला बांधायचा. तो मी भुसावळला जाऊन घेतला, जळगावात दुकानदार ओळखीचा निघेल म्हणून. वर्कशॉपमधून घरी येताना तो काढून डब्याच्या पिशवीत ठेवायचो.

मग मनीषाचं लग्न ठरलं.

मनीषा अक्काची एकुलती एक. लहानपणी सुटीत असोद्याला, आमच्या गावी, यायची तेव्हा बसमधून उतरली की दोन्ही हात वर करून उभी राहायची. मामाने उचलल्याशिवाय पुढे पाऊल टाकायची नाही. तिने तिच्या पसंतीचा मुलगा निवडला, तिच्याच कॉलेजातला. दुसऱ्या समाजाचा. घरात वादळ झालं. असोद्याला आमच्या नानांना आणि बाकीच्या वडीलधाऱ्यांना समजवायला मी गेलो होतो. हे कुणाला माहीत नाही, कारण तेही मी कुणाला सांगितलं नाही.

आमच्यात रीत अशी की मामाने नवरीला उचलून मांडवात आणायचं. हल्ली बरेच जण नुसता हात धरून आणतात. पण अक्काने आधीच बजावलं होतं, “भाऊ, माझी पोर तू उचलून आणायची. लोकांना दिसू दे, मामा पाठीशी आहे ते.”

लग्नाच्या आधी मी घरी कुणी नसताना गव्हाची गोणी उचलून पाहिली. अर्धी उचलली आणि खाली ठेवली. तेव्हा सांगायला हवं होतं. आज सांगू, उद्या सांगू करत मी मांडवाच्या मागच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिलो. पट्टा घट्ट बांधलेला. बाहेरून हाक आली, “मामा, नवरीला आणा!” मनीषा पिवळ्या साडीत, मुंडावळ्या बांधून उभी. माझ्याकडे बघून हसली आणि तिने बसमधून उतरल्यासारखे दोन्ही हात वर केले.

मी वाकलो. जांघेत मूठ उघडल्यासारखी कळ आली. मी सरळ झालो. तिचे हात तसेच वर.

“मला... जरा...” एवढंच बोललो.

तेवढ्यात दाजी आत आले. माझ्याकडे एकदाच बघितलं आणि त्यांच्या अहिराणीत मोठ्याने ओरडले, “अरे, मधू कुठे शे? धाकल्या मामाचा मान नाही का? मोठा मामा फोटोमा जाड दिसस!” सगळे हसले. माझा चुलत भाऊ मधू धावत आला आणि त्याने मनीषाला उचललं. त्याच्या खांद्यावरून ती माझ्याकडे बघत गेली. ती नजर मी दोन वर्षं घेऊन हिंडलो.

मांडवात माझ्या मागे बसलेली एक बाई शेजारणीला म्हणाली, “मामा जुन्या वळणाचा ना. पोरीनं जात सोडली, ते रुचलं नसंल.”

मला ऐकू आलं. अक्कालाही आलं असणार. मी वळून म्हणायला हवं होतं, तसं नाही हो. पण मग विचारलं असतं, कसं आहे? म्हणून मी अक्षता टाकत राहिलो. आणि दाजींनी मला बाजूला सारलं, चारचौघांत माझ्या पोटावरून थट्टा केली, ह्याचा राग धरून राहिलो. माणूस स्वतःवरचा राग कुठे कुठे ठेवतो बघा.

त्यानंतर मनीषा जळगावला आली नाही. दिवाळीचा फराळ दाजींच्या हाती यायचा. अक्का फोनवर बोलायची, पण मला ‘तुम्ही’ म्हणायला लागली. “तुम्ही कसे आहात? तुमच्याकडे ऊन कसं आहे?” ज्यांना थोरली बहीण आहे त्यांना कळेल. शिवी परवडली, तो ‘तुम्ही’ नको.

दाजी मात्र दरवर्षी पॉलिसीच्या तारखेआधी माझ्यामागे लागायचे. फोनवर फोन. एका वर्षी मी चिडून फोन उचललाच नाही, तर एसटीने धुळ्याहून आले, वर्कशॉपच्या दारात उभे राहिले आणि माझ्याकडून मोबाइलवर पैसे भरून घेऊनच गेले. चहासुद्धा घेतला नाही. मी मनात म्हटलं, कमिशनसाठी माणूस किती धावतो.

तीन वर्षं पूर्ण झाली तरी मी महिनाभर गप्पच होतो. गणपतीच्या दिवसांत एका संध्याकाळी तो उंचवटा आत जाईना. आडवा झालो, कूस बदलली, तरी नाही. घाम फुटला. बऱ्याच वेळाने गेला. त्या वेळात मला कळलं की मी तीन वर्षं कशाशी खेळत होतो. दुसऱ्या दिवशी सुनंदाला म्हटलं, “पित्ताचं जरा दाखवून येऊ.” आणि मग तो पडदा, त्या बांगड्या.

सर्जनना मी कारण सांगितलं, वेटिंग पिरियड होता म्हणून थांबलो. ते लिहायचं थांबले.

“हे बघा, वेटिंग पिरियड कंपनीला असतो, आतड्याला नसतो. हे अडकलं असतं तर त्याला आम्ही ‘स्ट्रँग्युलेटेड’ म्हणतो. म्हणजे आतड्याला पीळ बसून रक्त तुटतं. मग तासांचा खेळ असतो. गाठ आत जाईना, दुखायला लागलं, उलटी झाली, तर विमा असो नसो, निघायचं. खिशात काय आहे ते नंतर बघायचं.”

हे त्यांचं वाक्य तुमच्यासाठी जसंच्या तसं लिहिलं आहे.

परतताना रिक्षात सुनंदा माझ्याशी एक शब्द बोलली नाही. रिक्षावाल्याशी बोलली. “दादा, खड्डे बघून चालवा. ह्यांना साडेतीन वर्षांपासून त्रास आहे.”

मग तपासण्या. रक्त, लघवी, ईसीजी म्हणजे हृदयाचा आलेख, छातीचा एक्स-रे, भूल झेपेल ना हे बघायला फिजिशियनची तपासणी. सोनोग्राफीच्या रांगेत सगळ्या गरोदर बाया आणि पोट भरून पाणी प्यालेला मी एकटा पुरुष. एका आजीबाईने सुनंदाला विचारलं, “सूनबाई कुठे?” सुनंदाने माझ्याकडे बोट केलं, “हेच आमचं बाळंतपण.” तीन दिवसांत ती पहिल्यांदा हसली होती. मला इतकं बरं वाटलं की लघवी दाबून धरणं अवघड झालं.

भरती व्हायच्या दिवशी विम्याच्या खिडकीपाशी बसलो. ‘कॅशलेस’ म्हणजे हॉस्पिटल थेट कंपनीकडे मंजुरी मागतं आणि कंपनी बिल परस्पर भागवते. खिडकीतल्या मुलीने डॉक्टरांचा कागद वाचला आणि तिचा चेहरा उतरला.

“काका, इथं ‘साडेतीन वर्षांपासून’ लिहिलंय. तुमची पॉलिसी तीन वर्षांची. म्हणजे आजार आधीचा. लपवला म्हणून कंपनी सगळंच नाकारेल हो. डॉक्टरांना विचारू का, चुकून लिहिलं असेल. तीन महिने असतील ना?”

मुलगी भल्यासाठीच म्हणत होती. सुनंदा माझ्याकडे बघायला लागली. धुळ्याहून दाजी आले होते, ते बाकावर केळं सोलत होते. आणि मला जाणवलं, आता ‘हो, तीन महिने’ म्हटलं की पुन्हा सगळं झाकलं जाईल. गेली इतकी वर्षं झाकतच आलो होतो. सवयीने तोंडात आलंही होतं.

“साडेतीनच,” मी म्हणालो. “चुकून नाही. कंपनीला माहीत आहे. पॉलिसी घेतानाच मी सांगितलंय.”

“तुम्ही सांगितलंय?” मुलीचा जीव भांड्यात पडला. “मग तर काही प्रश्नच नाही.”

प्रश्न माझ्या शेजारी उभा होता.

“कंपनीला सांगितलं,” सुनंदा म्हणाली, “आणि मला नाही?”

मी तिच्याकडे बघून म्हटलं, “चुकलं.” आमच्या लग्नानंतर हा शब्द मी पहिल्यांदाच वापरला असावा, कारण तिने तो नीट ऐकू आला की नाही असं बघून पुन्हा विचारलं, “काय?”

“चुकलं म्हटलं.”

“परत एकदा म्हणा. दाजींना ऐकू द्या.”

दाजी केळं खात म्हणाले, “माले बठ्ठं माहीत शे, वहिनी.”

सगळं माहीत? आम्ही दोघंही वळलो.

“एजंट शे मी. पॉलिसी आली तेव्हाच वाचली. पहिल्या पानावर लिहिलंय, हर्निया, तीन वर्षं. तुम्हाला वाटलं मी धुळ्याहून कमिशनसाठी येतो? एक हप्ता चुकला असता तर पहिल्यापासून मोजायला लागला असता हा माणूस. फोन उचलत नव्हता. उचलणार कसा, राग होता ना माझ्यावर.”

मग मला लग्नातला तो दरवाजा आठवला. त्यांचं एकदाच बघणं. मोठा मामा जाड दिसस.

“दाजी, त्या दिवशी...”

“तोंड पांढरं पडलं होतं तुमचं. अजून एकदा वाकले असते तर मांडवातून दवाखान्यात न्यावं लागलं असतं. म्हणून मधूला हाक मारली.”

“मग अक्काला का नाही सांगितलं?”

“गिऱ्हाईकाचं दुखणं घरी न्यायचं नाही, हा माझा नियम शे.” त्यांनी केळ्याचं साल घडी घातल्यासारखं दुमडलं. आवाज खाली आला. “माझी पोर रडायची तेव्हा पन्नासदा जिभेवर आलं, भाऊ. पण ते सांगणं तुमचं होतं.”

मी ज्याच्यावर दोन वर्षं राग धरला होता, तो माणूस दोन वर्षं माझं गुपित सांभाळून स्वतःच्या लेकीचं रडणं ऐकत होता.

मंजुरी संध्याकाळी आली. मुलीने खिडकीतून अंगठा दाखवला.

ऑपरेशनबद्दल फार सांगण्यासारखं नाही, आणि हीच सांगण्यासारखी गोष्ट आहे. स्पायनल भूल देतात, म्हणजे कण्यात एक इंजेक्शन. कमरेखालचं अंग सुन्न होतं, तुम्ही जागे असता. पोटाच्या भिंतीला आतून ‘मेश’ म्हणजे बारीक जाळी लावतात. फिटरच्या भाषेत पॅच. मी असोद्याचा हे कळल्यावर डॉक्टर आणि भूलतज्ज्ञ भरताच्या वांग्यांवर बोलायला लागले. सोललेलं वांगं लाकडी बडगीतच कुटायला हवं, मिक्सरचं भरीत हे भरीतच नव्हे, यावर दोघांचं एकमत होईपर्यंत माझी जाळी बसली होती.

खोलीत आणलं तेव्हा पाय अजून दुसऱ्याचे होते. दारात अक्का उभी. हातात डबा.

“कसे आहात तुम्ही?”

एरवी मी ‘बरा आहे’ म्हणून संपवलं असतं, किंवा सरळ बाथरूमला निघून गेलो असतो. आता कमरेखाली काही हलत नव्हतं. पळायची सोयच नव्हती. मी छताकडे बघत सगळं सांगितलं. व्हाइस, सोनगीरचा फोन, गव्हाची गोणी, दारातली कळ.

अक्का खुर्चीत बसली. अक्का धुळ्यात इतकी वर्षं राहिली, पण रागावली किंवा रडली की थेट असोद्याची होते.

“म्हंजे तुले जावई नापसंत नव्हता?”

“अक्का, तो मला पहिल्या दिवसापासून आवडतो. असोद्याला नानांना समजवायला मीच गेलो होतो.”

“तूच?” तिने पदर डोळ्यांना लावला. मग तोच हात खाली आणून माझ्या खांद्यावर एक ठेवून दिला. “आरे येड्या! माह्या पोरीले दोन वर्षं वाटलं, मामाले आपण नकोशा झालो. आन् तू पट्टा बांधून हिंडत होता? काबरं नाही सांगितलं रे भो?”

“जागा तशी होती,” मी म्हणालो.

अक्का माझ्याकडे बघत राहिली आणि मग तिला जे हसू फुटलं, ते थांबेना. सुनंदा हसायला लागली. दाजी दारात वाकून हसत होते. नर्स धावत आली, “पेशंटला हसवू नका, टाके ताणतील!” तेव्हा माझ्या पोटावर उशी दाबून धरायला सुनंदाने हात पुढे केला. ऑपरेशननंतर खोकताना, हसताना अशी उशी धरायची असते, हेही लक्षात ठेवा. आणि तिने ‘तू’ म्हटलं होतं. दोन वर्षांनी.

मनीषाला मी स्वतः फोन केला. पुन्हा तेच सगळं, तिसऱ्यांदा. शेवटी ती एवढंच म्हणाली, “आता दुखतंय का मामा?”

दुसऱ्या दिवशी चालायला लावलं, तिसऱ्या दिवशी घरी. तीन महिने जड उचलायचं नाही, बद्धकोष्ठ होऊ द्यायचं नाही, खोकला अंगावर काढायचा नाही. तीन महिन्यांनी दाखवायला गेलो तेव्हा विचारलं, “डॉक्टर, भाचीला उचलू का?”

“वजन किती?”

“ते विचारायची हिंमत नाही.”

ते हसले. “एकट्याने नको. दोघांनी मिळून, गुडघ्यातून वाकून, श्वास न कोंडता. आणि मला भरीत.”

थंडी पडली की असोद्याच्या मळ्यात आमची भरीत पार्टी असते. कपाशीच्या वाळल्या काड्यांवर वांगी भाजायची, बडगीत कुटायची, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्यांबरोबर खायची. कुटायचं काम पिढ्यान् पिढ्या आमच्या घराचं. गेले तीन हिवाळे मी ते मधूवर सोपवून कांद्याची पात चिरत बसलो होतो, आणि भाऊबंद म्हणत होते, भाऊ साहेब झाला. ह्या वेळी मुसळ माझ्या हातात होतं. बेताने, पण माझ्या हातात.

मनीषा आणि जावई दुपारी आले. केळीच्या बागेच्या कडेला गाडी थांबली तशी अक्का ओरडली, “तिथंच थांब! पुढे येऊ नको!”

सगळ्यांना आधीच ठाऊक होतं. फक्त त्या दोघांना नव्हतं. सुनंदाने टॉवेलचा अंतरपाट धरला, त्याच्यामागे जावयाला उभं केलं. तो बिचारा डॉक्टरांना भरीत न्यायला आणलेला रिकामा डबा कुठे ठेवू म्हणून विचारत होता. मधूने ताट वाजवायला सुरुवात केली. दाजींनी आणि मी एकमेकांची मनगटं धरून हातांची खुर्ची केली.

“बाबा, मामा, वेड लागलंय का? टाके जातील!”

“जाळी शे आत,” दाजी म्हणाले. “गॅरंटीची.”

“बस,” मी म्हणालो. “डॉक्टरांना विचारलंय. आता मी सगळं विचारतो आणि सगळं सांगतो.”

ती बसली. आम्ही गुडघ्यातून वाकलो, श्वास कोंडला नाही, आणि उचललं. भाजलेल्या वांग्यांचा धूर अंगावर येत होता, बायका सुचेल ती मंगलाष्टकं म्हणत होत्या, वांग्याच्या, पुरीच्या, माझ्या जाळीच्या नावाने. जांघेत काही सरकलं नाही. बांधाच्या वाटेने आम्ही निघालो. तिचा हात माझ्या गळ्यात होता.

अर्ध्या वाटेत ती माझ्या कानापाशी वाकली.

“मामा, तेव्हा नुसतं सांगितलं असतं, तर तुमचा हात धरून चालत आले असते मी.”